शेवटच्या दोन पायऱ्या

सोमवार, ३

तिसऱ्यांदाही उडी मारली आणि तिसऱ्यांदाही हवेतच लाथ बसली. निळ्या कोटातला माझा माणूस पडद्यावर आडवा झाला. मागे उभ्या असलेल्या मालकीणबाई म्हणाल्या की उठा आता, नोकरी तुमची. मी विचारलं, हरल्याबद्दल? त्या म्हणाल्या, तीनदा एकाच जागी हरल्याबद्दल. ज्याला सवयी असतात त्याला शिकवता येतं.

तर नोकरी लागली. छापखाना बंद पडल्यानंतर सात महिन्यांनी. अठरा वर्षं प्रुफं तपासली, आता एकेचाळिसाव्या वर्षी खेळघरात बसायचं. दहा ते पाच. बारा यंत्रं पुसायची, चिकटलेली बटणं बदलायची, आणि एखादं गिऱ्हाईक एकटंच आलं तर त्याच्यासमोर बसून मारामारीचा खेळ खेळायचा. अडचण एवढीच की मला तो खेळता येत नाही. बाईंचं म्हणणं, समोरचा अगदीच लेचापेचा असला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. महिनाभराची मुदत आहे. तेवढ्यात तयार झालो तर कायम.

बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. मला त्यांनी पहिल्याच दिवशी प्रूफवाले करून टाकलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आईची नजर जाऊन चार वर्षं झाली, जीभ शाबूत आहे. म्हणाली, तुझ्या वयाच्या माणसांचे गुडघे दुखतात, तुझी बोटं दुखणार. असो.

मंगळवार, ४

आईकडे राहायला येऊन आठवडा झाला. दुसरा मजला, चव्वेचाळीस पायऱ्या. दाराला आतून कडी आणि साखळी. किल्ली नाहीच. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी मावशी, मावशी करत आला, आवाज हुबेहूब भाच्याचा, पाणी प्यायला आणि रेडिओ घेऊन गेला. तेव्हापासून आवाजावर तिचा भरवसा नाही. आवाज पोपटही काढतो, म्हणते. माणूस ओळखायचा तो त्याच्या खोडींवरून.

माझ्या खोडी तिला तोंडपाठ आहेत. मी जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या एकदम चढतो. बेल दोनदा वाजवतो. बोलायच्या आधी खोकतो. खाटेवर बसलो की तिच्या डाव्या बाजूला बसतो. लहानपणापासून असंच. पायऱ्या, बेल आणि खोकला, एवढं ऐकलं की ती साखळी काढते.

आज गंमत म्हणून बेल वाजवून नुसताच उभा राहिलो. आतून ओरडली, खोक की रे मेल्या, किती वेळ ताटकळू. असो.

गुरुवार, ६

खेळ असा. दोन माणसं, एक अंगण, प्रत्येकाच्या नावे वर एक पिवळी पट्टी. फटका बसला की पट्टी तुटते, संपली की माणूस पडतो आणि फेरी जाते. डाव्या हाताला दांडी, उजव्याला सहा बटणं. मी निळ्या कोटातला माणूस घेतला. तो आमच्या छापखान्याच्या फोरमनसारखा दिसतो, त्यामुळे त्याने मार खाल्लेला मला फारसा लागत नाही.

मास्तरीणबाईंनी माझा पहिल्या दिवसाचा सगळा खेळ यंत्रात साठवून ठेवला आहे. कोपऱ्यातल्या सरावाच्या यंत्रात आता एक छाया आहे. करडा कोट, आणि खेळणं सगळं माझं. माझ्यासारखीच उतावीळ उडी. मार बसला की माझ्यासारखंच डाव्या कोपऱ्यात पळणं. प्रत्येक बटण दोनदा, पहिल्या वेळी दाबलं गेलं नसेल या भीतीने. स्वतःला असं बाहेरून बघून मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, छायेची उडी हवेत तोडायला शिका, तुमची आपोआप सुटेल. एकही फटका न खाता तिला ओळीने दहा फेऱ्या हरवलंत की तुम्ही तयार.

आज छायेनेच मला लोळवलं. असो.

शनिवार, ८

सरावाच्या यंत्रावर बाईंनी चार चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षर फळ्यावरचं, ठसठशीत. उडी. प्रत्येक बटण दोनदा. मार खाल्ला की डावीकडे. हल्ल्याआधी खोकणे. चौथी वाचून मी म्हटलं, खोकला कुठे पडद्यावर दिसतो? त्या म्हणाल्या, समोरच्याला कान असतात. तुम्ही खोकलात की मी अडवायला तयार होते, आणि तुम्हाला वाटतं बाईंना मनातलं कळतं.

दुपारच्या सुट्टीत समोरचा शिंपी येतो, गळ्यात टेप तशीच. मला सहज हरवतो आणि वर म्हणतो, तुमचा कोट फार उसवतो हो प्रूफवाले. छायेशी तो कधीच खेळत नाही. मी कारण विचारलं. म्हणाला, माझ्या सवयी बायकोने वीस वर्षं खपून लावल्यात. त्या मोडून घरी गेलो तर ती मला आत घेईल का? सगळे हसले, मीही. असो.

बुधवार, १२

उडी सुटली!

खरं तर काहीच करायचं नसतं, हे कळायला नऊ दिवस लागले. दांडी मागे धरायची, फटके अडवायचे आणि थांबायचं. समोरचा कंटाळतो. कंटाळला की उडी मारतो. तो वर गेला की खालून एकच ठोसा. आज छायेच्या तेवीस उड्या तोडल्या. संध्याकाळपर्यंत माझा अंगठा दांडीवर वर जाईनासा झाला. शिंप्याकडून एक फेरी जिंकलो. त्याने टेपने माझी छाती मोजली आणि म्हणाला, दोन इंच वाढली.

बाईंनी उडीची चिठ्ठी काढली. फाडली नाही. घडी घालून यंत्राच्या फटीत सारली. सवय मोडत नसते प्रूफवाले, म्हणाल्या, जागा बदलते.

घरी आईने दार उघडायला वेळ लावला. तेव्हा लक्षात आलं, मी सगळ्या पायऱ्या एकेक करून चढलो होतो. असो.

शनिवार, १५

दुसरी चिठ्ठीही फटीत गेली. आता बटण एकदाच दाबतो आणि ते लागतं.

बाईंनी आज पाचवी चिठ्ठी लावली. असो. त्यांचं निरीक्षण असं, की फेरी हरलो की मी असो म्हणतो आणि पुढची फेरी अशी खेळतो जणू आधीची दुसराच कोणी हरला. हरलेलं पचवू नका, म्हणाल्या, बघा. घरी येऊन ही वही चाळली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तोच शब्द. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ही दिसली नाही. आजपासून बंद.

बेल एकदाच वाजली. आईने विचारलं, कोण? मी. मी म्हणजे कोण? तीनदा खोकलो तेव्हा साखळी निघाली. जेवताना म्हणाली, हल्ली मीटर बघायला आल्यासारखा येतोस.

सोमवार, १७

शिंप्याला ओळीने चार फेऱ्या हरवलं. तो थट्टा करेल म्हणून मी थांबलो. त्याने टेप गळ्यातून काढली, गुंडाळून खिशात घातली. म्हणाला, तुमच्याशी खेळताना समोर कोणी बसलंय असं वाटत नाही हो.

मास्तरीणबाई म्हणाल्या, याहून मोठी शाबासकी नाही. खोकल्याची चिठ्ठीही काढली, आणि असोचीही.

मला आनंद झाला होता. तो इथे लिहिताना सापडत नाही.

बुधवार, १९

साडेपाचला घरी आलो. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा आईने दार उघडलं. आई खुशीत होती. म्हणाली, दुपारी लवकर आलास ते बरं झालं, नखं फार वाढली होती, आता जरा हात हलके वाटतात.

मी दुपारी आलो नव्हतो. दिवसभर खेळघरात होतो.

तिचे हात हातात घेतले. दहाही नखं कापलेली होती. माझ्यासारखी, कडेला जरा तिरकी.

गुरुवार, २०

आईला नीट विचारलं. तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. तीनच्या सुमाराला आलास, म्हणाली. शेवटच्या दोन पायऱ्या एकदम, दोनदा बेल, खोकलास. डावीकडे बसलास. मी म्हटलं, बोललो काय? फारसं नाही, म्हणाली. तू कधी फार बोलतोस? शेवटी असो म्हणालास आणि गेलास. मग हळूच म्हणाली, कालची दुपार फार छान गेली रे. पूर्वीसारखी.

आज तीनला मी सरावाच्या यंत्रासमोर उभा राहिलो. अंगण होतं. पिवळ्या पट्ट्या होत्या. करड्या कोटातला नव्हता.

तीन चाळीसला तो डावीकडून आत आला. शेवटची दोन पावलं एकदम, उडी मारल्यासारखी. ती चाल मी दांडीवर कधीच खेळलो नव्हतो. ती फक्त जिन्यातली आहे.

शनिवार, २२

सकाळी आईला सांगितलं, पाचच्या आधी कोणी आलं तर उघडू नकोस. ती म्हणाली, माझं माणूस आलं तर मी उघडणार. मी म्हटलं, मीच तुझं माणूस. तिने दाराची साखळी चाचपून पाहिली.

संध्याकाळी दारात उभा राहून प्रयत्न केला. बोट बेलवर एकदा पडलं. दुसऱ्यांदा उचललं, खाली जाईना. खोकायला गेलो तर घशातून नुसती हवा आली. खाली उतरलो, पुन्हा चढलो. शेवटच्या दोन पायऱ्यांशी पाय आपोआप थांबतो, अंतर मोजतो, एक चढतो, मग दुसरी. हेच तर शिकलो मी. घाई न करणं.

आज नर्सबाई कामावर होत्या. त्या येईपर्यंत दाराबाहेर बसलो.

सोमवार, २४

मुद्दाम हरायला बसलो. वाटलं, उडी परत आली तर बाकीचंही येईल. दांडी वर ढकलायची, एवढंच. हात मागे गेला. अडवलं. पुन्हा ढकलली, पुन्हा अडवलं. डोळे मिटून खेळलो, तरी एक फटका बसू दिला नाही हातांनी. शिंपी दारातून बघत होता. आत आला नाही.

मास्तरीणबाईंना म्हटलं, मला पहिल्यासारखं करा. त्या म्हणाल्या, वाचता येणाऱ्याला अक्षर दिसल्यावर न वाचता राहता येतं का? तुम्हीच सांगा, प्रूफवाले.

मग म्हटलं, छाया पुसून टाका. त्या म्हणाल्या, माझ्या हातात नाही. दहा फेऱ्या, फटका न खाता. मग ती यंत्रात राहत नाही.

चिठ्ठी एकच उरली आहे. मार खाल्ला की डावीकडे. पण मला आता मार बसतच नाही.

मंगळवार, २५

सात फेऱ्या. आठवीत करड्या कोटाने काहीच केलं नाही. खाली बसला, माझ्याकडे पाठ करून, डाव्या कडेला. हात पुढे केले, कोणाचे तरी हात धरल्यासारखे. मी थांबलो. बघत राहिलो. मग त्याने उठून एक ठोसा मारला, आणि मी हललोही नाही, डावीकडेही नाही. पट्टी तुटली. सात फुकट गेल्या.

बाईंनी शेवटची चिठ्ठी फटीत सारली.

घरी बसायला गेलो तर खाटेची कुठली बाजू माझी ते आठवेना. उभाच राहिलो.

बुधवार, २६

आईने आज मला तुम्ही म्हटलं.

नर्सबाईंच्या सांगण्यावरून आत घेतलं. पाणी दिलं. विचारलं, तुम्ही त्याच्याबरोबर कामाला असता का? मी म्हटलं, आई, मी आहे. ती म्हणाली, असं बोलू नये. आंधळ्या माणसाची थट्टा करू नये.

सभ्यपणे म्हणाली. परक्याशी बोलतात तसं.

मग म्हणाली, तो तीनला आला होता, आता काम सुटलं की येईल. बसा हवं तर.

गुरुवार, २७

नऊ. दहाव्या फेरीआधी यंत्र बंद पडलं. वीज गेली. पाच वाजेपर्यंत आली नाही. बाई म्हणाल्या, उद्या. नऊ धरल्या जातील.

आईने दार उघडलं नाही. नर्सबाईंनाही म्हणाली, तुम्हाला फसवलंय त्याने.

खेळघरात झोपायला बाईंनी जागा दिली. मागच्या खोलीत दोन खाटा आहेत. एक त्यांची. दुसरी आधीपासून घातलेली होती —

शुक्रवार, २८

साडेचार. दहा.

एकही फटका नाही. शेवटी तो आलाच उडी मारत, नेहमीसारखा, उतावीळ — मी थांबलो — खालून एकच ठोसा. पडला. उठला नाही. मग अंगण रिकामं. यंत्रात नाव नाही, कोट नाही. संपलं. मी ओरडलो बहुतेक. शिंपी तोंड फिरवून निघून गेला.

बाईंना म्हटलं, छाया गेली ना? पुसली गेली? यंत्रातून गेली, म्हणाल्या. मी विचारलं, कुठे?

त्या बटणं पुसत होत्या. म्हणाल्या, माझी बारा वर्षांपूर्वी घरी गेली. नवरा खूश आहे.

पळत आलो.

पावणेसहा. जिन्यात बसून लिहितो आहे. एकदाच वाजली बेल. आई आतून म्हणाली, कोण? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, माझा मुलगा घरातच आहे.

ती हसते आहे आत. कितीतरी दिवसांनी —

दार वाजवलं. हाताने, डोक्याने. आई, चव्वेचाळीस पायऱ्या, रेडिओ, मेल्या म्हणायचीस, मेल्या म्हण एकदा — ती म्हणाली, बघ रे कोण आहे, घाबरायला होतं मला. तो म्हणाला —

माझा आवाज. आवाज तर कोणीही काढतं. पण आधी खोकला तो —

पावलं. दाराकडे येतात. साखळी काढतोय. मला थांबायचं नाही, मला उडी मारायची आहे, अंगावर जायचं आहे, पाय उठत ना —

शनिवार, २९

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ही वही पायरीवर पडलेली. काल संध्याकाळी कोणीतरी बराच वेळ दार बडवत होतं. मी उघडलं तेव्हा जिन्यात एक माणूस उभा होता, एका जागी, काही न करता. जरा वेळाने एकेक पायरी उतरून गेला. आईला रात्री छान झोप लागली.

दहाला खेळघरात गेलो. मास्तरीणबाई म्हणाल्या की प्रूफवाले, आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल, माणूस कायम केलाय. तो यंत्रासमोर बसला होता. माझ्याच वयाचा. वही त्याच्यापुढे धरली, त्याने बघितलं नाही. ओळखीचा वाटला नाही.

बाईंनी आग्रह केला म्हणून त्याच्याशी खेळून पाहिलं. तीनदा उडी मारली, तीनदा हवेतच लाथ बसली. असो.